एकेचाळिसावी ओळ

इकबालचाचा संगणकाला पत्रं लिहायचे. पाकिटात घालून टपालात टाकायची तशी नव्हेत, थेट संगणकाच्या पोटात. आणि संगणक ती वाचत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना वेडे समजाल. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक समजायचेच. ऑफिस अमरावतीत, काम नकाशे काढायचं, अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांचं. संगणकावर एका गावाचा नकाशा काढायचा म्हणजे गाव शोधायचं, पडद्यावर बरोबर मधोमध आणायचं, रस्ते, नाले, विहिरी दाखवायच्या, नाव टाकायचं आणि छापायला पाठवायचं. अशी शंभर गावं केली की माणूस घरी जाऊन पोळपाटावरची पोळीसुद्धा मधोमध आणत बसतो. मी बसले आहे, म्हणून सांगते.

चाचांनी हे सगळं संगणकाकडून आपोआप करून घ्यायची विद्या शिकून घेतली होती. हुकमांची एक यादी लिहायची. तिला स्क्रिप्ट म्हणतात. ती एकदा सुरू केली की संगणक एकामागून एक गाव स्वतःच उघडतो, मांडतो आणि छापायला देतो. या यादीत एक सोय असते. ज्या ओळीच्या तोंडाशी जाळीसारखं चिन्ह असेल ती ओळ संगणक न वाचता ओलांडून जातो. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या आठवणीसाठी तिथं दोन शब्द लिहावेत, एवढाच तिचा उपयोग. चाचा तिथं पत्रं लिहायचे.

‘बेटा, आता चिखलदरा तालुका येईल. घाट आहे, घाई करू नको.’

‘बेटा, या गावाचं नाव लांब आणि गाव एवढंसं. अक्षर बारीक कर, तिरपं कर, पण नाव खाऊ नको.’

‘सकाळपासून दमला असशील. एवढा तालुका झाला की थांबू.’

पुण्याहून बदलून आलेले एक तरुण इंजिनिअर हे वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग गंभीर होऊन म्हणाले, “चाचा, हे काढून टाका. फाइल उगाच जड होते.”

“तुमाले जड होते का मशीनले?” चाचांनी विचारलं. “मशीननं तं आजवर काई तक्रार नाई केली.”

चाचा मूळचे ट्रेसर. म्हणजे जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून काळ्या शाईनं रेघ न् रेघ उतरवून काढणारे. तीस वर्षं त्यांनी वऱ्हाडातली गावं अशी हातानं गिरवली. ऑफिसात संगणक आले तेव्हा बाकीच्या ट्रेसरांनी ते आपल्यासाठी नाहीत असं ठरवून टाकलं. चाचांनी मात्र वयाच्या पन्नाशीत इंग्रजी पुस्तक आणून, एकेक शब्दाचा अर्थ वहीत उतरवून, स्क्रिप्ट लिहायला शिकून घेतलं. ते निवृत्त झाले तेव्हा ऑफिसच्या लक्षात आलं की ही विद्या दुसऱ्या कोणालाच येत नाही. मग त्यांना वर्षावर्षाच्या करारावर पुन्हा बोलावलं. मीही करारावरच होते. माहेर अकोटचं, सासर अमरावतीचं, पदरात दोन मुली, आणि नवरा नुकताच नोकरी सुटून घरी बसलेला. छपाईचं मोठं यंत्र, त्याचा कागद आणि त्याची शाई हे माझं राज्य.

गावं गिरवून गिरवून चाचांना ती नावापेक्षा आकारानं जास्त ओळखू यायची. ऑफिसात कोणी नवीन आलं की पहिला प्रश्न, “गाव कोन्तं?” गाव सांगितलं की डोळे मिटून दोन क्षण थांबायचे आणि म्हणायचे, “हां हां, वाळल्या मिरचीवानी हाय.” माझ्या माहेरचं शिवार त्यांच्या मते उपड्या टोपल्यासारखं होतं आणि सासरचं बसलेल्या रेडकासारखं. हे ऐकून सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. एका शिपायाच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा चाचांनी मांडवात मुलीच्या बापाला सांगितलं, “तुमच्या गावाची हद्द यायच्या गावाले तीन जागी टेकते. सोयरीक जुनीच हाय, तुमी आता फक्त जेवण देऊन राह्यले.”

नकाशाच्या संगणकाला एक खोड असते. दोन गावांची नावं एकमेकांवर चढायला लागली की तो लहान गावाचं नाव गुपचूप गाळून टाकतो. गाव राहतं, नाव जातं. चाचा याला ‘नाव खाणं’ म्हणत आणि त्यांचं अर्धं आयुष्य या खादाडपणाशी भांडण्यात जायचं. त्यांची स्क्रिप्ट प्रत्येक नाव आधी उजवीकडे बसवून बघायची, मग डावीकडे, मग वर, मग खाली. कुठंच जागा नाही मिळाली तर नाव हद्दीबाहेर मोकळ्या जागेत लिहून तिथून गावापर्यंत एक बारीक रेघ ओढायची. यात फार वेळ जायचा. साहेब चिडायचे. चाचा म्हणायचे, “लहान गावाचंच नाव कावून खाते ते? अमरावतीचं खाऊन दाखव म्हना.”

ते रोज अंजनगाव सुर्जीहून एसटीनं येत-जात. एकदा कंडक्टरच्या नव्या मशीनमधून तिकीट आलं तर त्यावर जागा पुरली नाही म्हणून ‘अंजनगाव सु’ एवढंच छापलेलं. चाचांनी तिकीट घ्यायला नकार दिला. “पूरं नाव टाका, मंग देतो पैसे.” गाडी पाच मिनिटं उभी. शेवटी कंडक्टरनं पेनानं तिकिटावर ‘र्जी’ लिहून दिलं आणि हात जोडले. हे मला त्या कंडक्टरनंच सांगितलं, कारण तो आमच्या अकोटचा. “बाई, तुमच्या ऑफिसात सगळे असेच हायेत काय?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, एकच आहेत.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट गेली. कापूस हाती लागत नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या, पेपरात पहिल्या पानावर रोज आमचेच जिल्हे. आणि का कोण जाणे, जितकं वाईट चालायचं तितके आमच्याकडून नकाशे जास्त मागवले जायचे. वरून पथक आलं की नकाशा द्या. पथक परत गेलं की दुसरा द्या. एकदा एका बैठकीसाठी नापिकीचा नकाशा दिला, तर तो परत आला. लाल रंग फार दिसतो, थोडा नारिंगी करा, असा निरोप. चाचांनी नारिंगी केला. पण त्या ओळीवर त्यांनी पत्र लिहिलं होतं, ते मी वाचलं आहे. ‘बेटा, रंग बदल. तुझा दोष नाही.’

त्यातल्या एका उन्हाळ्यात हुकूम आला की पाण्याच्या टँकरसाठी गाववार नकाशापुस्तिका करायची. प्रत्येक गावाचं एक पान. वस्ती कुठं, रस्ता कुठून, जवळचं पाणी किती लांब. त्या पुस्तिकेवरून तहसिलात टँकरची यादी होणार होती. पंधरा दिवसांची मुदत. चाचांनी स्क्रिप्ट लिहिली, संगणक पानं ओकू लागला आणि माझं यंत्र सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत घरघरू लागलं.

चौथ्या दिवशी कागद संपत आला. मी छापलेली पानं चाळली आणि माझं डोकं फिरलं. कितीतरी पानं कोरीच होती. हद्द, नाव आणि आत काही नाही. ती रिठी गावं होती. आमच्याकडे अशी पुष्कळ आहेत. कोणे एके काळी माणसं कशानंतरी उठून गेली. जमीन शेजारच्या गावचे लोक वाहतात, पण सरकारी दप्तरात गावाचं नाव, नंबर, हद्द सगळं तसंच राहतं. फक्त लोकसंख्येच्या रकान्यात शून्य.

मी चाचांच्या टेबलाशी गेले. “चाचा, जिथं माणूसच नाही तिथं टँकर कोणासाठी? ही रिठं गाळून टाका.”

“नावं खायाची?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“खायची कशाला? बाजूला ठेवायची. नवा कागद मागितला तर साहेब माझ्यावर खेकसतील. तुमच्यावर नाही, माझ्यावर.”

त्यांनी दोन दिवस स्क्रिप्टला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले आणि या वेळी आवाज चढवला. मला तसं बोलायला नको होतं, हे आज कळतं. तेव्हा मला कागदाचा गुंडाळा दिसत होता आणि साहेबांचा चेहरा दिसत होता, बस. चाचांनी निमूटपणे स्क्रिप्ट उघडली आणि माझ्यासमोर एक ओळ घातली. एकेचाळिसावी. लोकसंख्या शून्य असेल तर पुढच्या गावाकडे जा. तिच्यावर लिहिलं, ‘बेटा, यांना सध्या सोड. नंतर परत येऊ.’ मग मला म्हणाले, “झालं, बाई. आता तुमच्यावर कोनी खेकसनार नाई.”

पुस्तिका मुदतीत गेली. साहेबांनी सगळ्यांना कचोरी दिली.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, एक बाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. सोबत एक म्हातारा. दोघांच्या पायांवर धूळ. बाईचं नाव फुलवंताबाई. मेळघाटातून मजुरीसाठी खाली उतरलेल्या कोरकू कुटुंबांतली. अकोटच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी उमरडोह नावाच्या जागी त्यांची तेरा-चौदा घरं होती. पाच-सहा वर्षं ते तिथंच राहत होते.

“साहेब,” ती दारातूनच म्हणाली, “नकाशा कुठी भेटते?”

कोणाला काही कळेना. मग ती सांगू लागली. तहसिलात टँकर मागायला गेली तर तिथला बाबू म्हणाला, तुमचं गाव यादीत नाही. यादीत कावून नाही, तर नकाशात नाही. नकाशा कुठं आहे, तर अमरावतीला. म्हणून ती अमरावतीला आली होती, नकाशात गाव टाकून घ्यायला. दोन एसट्या बदलून, विचारत विचारत. “दोन कोस नाल्यातल्या झिऱ्यावर जा लागते पान्याले,” ती म्हणाली. “परवा सून पडली डोक्यावर दोन गुंड पानी घेऊन. हात मोडला तिचा. पोटूशी हाय ते.”

चाचा उठले. तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. त्यांनी संगणकावर उमरडोह उघडलं. हद्द आली, नाव आलं, लोकसंख्येत शून्य. जनगणना झाली तेव्हा ही माणसं तिथं नव्हती, आणि त्यानंतर कोणी मोजायला गेलं नव्हतं. चाचा त्या शून्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या मागेच उभी होते.

त्यांनी त्या एका गावाचं पान छापलं, फुलवंताबाईच्या हातात दिलं आणि तिला घेऊन साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावले. चौथ्या दिवशी उमरडोहला टँकर गेला.

पण तोवर ही गोष्ट पेपरात आली होती. वरून पत्र आलं, संबंधितांचा खुलासा पाठवा. साहेबांनी चाचांना आणि मला बोलावलं. “घाबरू नका,” ते म्हणाले. “संगणकीय प्रणालीतील तांत्रिक दोषामुळे सदर गाव वगळले गेले, असं लिहून द्या. सगळे तेच लिहितात. पुढच्या महिन्यात तुमचा करार वाढवायचाय, चाचा, त्यात खोडा नको.” मजकूर मीच टाइप केला. चाचांनी फक्त सही करायची होती.

त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि परत ठेवला. “याच्यात दोष कोनाचा लिहेल हाय? मशीनचा?”

“हो, मग?”

“मशीननं तं सांगितलं तेच केलं, साहेब. ते बिचारं बोलत नाई म्हनून त्याच्यावर आळ घेऊ काय?”

साहेबांनी समजावलं. मग ते चिडले. मग पुन्हा समजावलं. चाचांनी स्वतःच्या हातानं, त्या जुन्या ट्रेसरच्या अक्षरात, तीन वाक्यं लिहिली. स्क्रिप्टमधली एकेचाळिसावी ओळ मी लिहिली. ती लिहिताना गावात माणसं आहेत की नाहीत याची मी खात्री केली नाही. चूक माझी आहे. खाली सही.

मी तिथंच उभी होते, दोन हातांवर. ती ओळ कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. कागदावर माझं नाव नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर आलं असतं. मुलींच्या शाळेचा विचार केला, घरी बसलेल्या नवऱ्याचा केला आणि गप्प राहिले. नंतर जिन्यात त्यांना गाठून म्हटलं, “चाचा, ओळ माझ्यामुळं...” तर म्हणाले, “हात कोनाचा होता, बाई? माझा ना? मंग झालं.”

त्यांचा करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं, डबा पिशवीत टाकला आणि जरा वेळ संगणकासमोर बसून राहिले. चाची वारल्याला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. “घरी भिंतीशी किती बोलाव?” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “हे तरी होतं इथं.” मग चालू लागले. मला रडू आलं आणि त्याचा मला संतापही आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

महिनाभर मी रोज ठरवत होते आणि रोज टाळत होते. शेवटी एका रविवारी मुलींना सासूबाईंकडे सोडून अंजनगावला गेले. दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, “चाचा तं उमरडोहले गेले. दर आइतवारी जातेत.”

मी तशीच अकोटला गेले आणि तिथून जीपनं पुढं. ऊन मी म्हणत होतं. जीपवाल्यानं फाट्यावर सोडलं, पुढची वाट पायी. वस्ती दिसली तेव्हा कडुनिंबाच्या सावलीत खाटेवर चाचा बसलेले दिसले. मांडीवर फळी, फळीवर कागद, हातात काळ्या शाईचा पेन. संगणक नव्हता, म्हणून ते हातानं नकाशा काढत होते. प्रत्येक घराला चौकोन, चौकोनात माणसांची नावं. भोवती पाच-सहा बाया बसल्या होत्या आणि एकीच्या तान्ह्या बाळाचं नाव अजून ठेवलं नव्हतं म्हणून काम अडलं होतं.

“आजच ठेवा,” चाचा सांगत होते. “बिना नावाचं लिहिलं तं तहसीलवाला मोजनार नाई.”

मला बघून ते आधी चकित झाले, मग खुलले. “या, बाई! याच्यावर सगळ्यायचे अंगठे घेतो आन् तहसीलले देतो. इथं शून्य नाई, हे त्यायले दिसलं पाह्यजे.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आन् खरं सांगू काय? हे लोक मले जेवाले थांबवतेत. घरी कोन थांबवते?”

मी खाटेच्या कडेला बसले नाही. फुलवंताबाई समोर उभी होती. तिच्या मागे दारात तिची सून, पोट वर आलेलं, हात गळ्यात बांधलेला. मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर पुन्हा कधीच नाही.

“बाई, तुमचं गाव गाळायला मी सांगितलं होतं,” मी म्हणाले. “माझ्याजवळचा कागद संपत होता म्हणून. चाचा नको म्हणत होते. मी आवाज चढवला तेव्हा त्यांनी ते केलं.”

“बाई, राहू द्या ना,” चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

फुलवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “आन् हे बाबा तं चार हप्त्यापासून एकटेच माफी मांगून राह्यले,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता का, ते मला कळलं नाही. ती वळली आणि घरात गेली. चाचा मान खाली घालून एका चौकोनाची आधीच पक्की असलेली रेघ पुन्हा गिरवत बसले.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्यानं भरलेला लोटा होता. माझ्यासमोर धरून म्हणाली, “उन्हाच्या आल्या. पह्यले पानी प्या.”

ते पाणी कुठून किती कष्टानं येत होतं हे मला माहीत होतं. मी दोन घोट घेतले आणि लोटा परत करायला गेले. तिनं तो माझ्या हातात पुन्हा ठेवला.

“पूरा प्या,” ती म्हणाली. “आता टँकर येते.”

मी सगळं पाणी प्यायले.